तारखेचा रकाना तेवढा उघडा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस दिसत नाही, नुसता कापूस दिसतो. इस्लामपूरच्या बाजारपेठेतलं अरुंद, खोल दुकान. डाव्या अंगाला पिंजायचं मशीन घरघरतंय, उजव्या अंगाला शिवून तयार झालेल्या गाद्यांची छताला टेकलेली चळत. दुपारचं ऊन दारातून तिरकं आत आलंय आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात तंतू तरंगताहेत. आमच्या नाटक कंपनीत स्वर्गाचा देखावा उभा करायला धूर सोडणारा वेगळा माणूस ठेवावा लागे. इथे स्वर्ग रोज फुकट उतरलेला. मागच्या भिंतीशी टेबलावर काहीतरी चौकोनी, गुलाबी फुलांच्या ओढणीखाली झाकलेलं. तो कॉम्प्युटर.

मशीन थांबतं. ढिगातून एक माणूस उठून उभा राहतो. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, खांदे पांढरे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माझ्याच वयाचा असणार. त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि एकदम तरणा झाला. इतक्या झटपट रंग उतरवणारा नट मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

हा रहिमान नदाफ. बापजाद्यांपासून गादीवाला. बोलणं कमी, आवाज हळू, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ह्याचीच मान खाली जायची.

मी त्याच्याकडे गेले होते आमच्या ह्यांची गादी घेऊन. हे कंपनीत पेटी वाजवायचे. हे गेल्यावर ती गादी कित्येक महिने तशीच पडून होती, मधोमध माणसाच्या अंगाचा खोलगटपणा घेऊन. रहिमाननं ती उलगडली, त्या खोलगट जागेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मावशी, पिंजून नवी करायची, का नुसती उन्हात घालून परत न्यायची?"

मी गादीचं एक टोक धरून उभी राहिले. त्यानं गादी पुन्हा गुंडाळली.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं मन झालं की आना. कापूस कुटं पळून जातोय?"

मी गादी उचलणार एवढ्यात त्यानं फोन कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलू लागला. "न्हाई… म्हंजे जमलं तर… तुमाला येळ असंल तर… न्हाई, न्हाई, काय हरकत न्हाई." पलीकडून फोन तुटला. तो दुसरा नंबर शोधू लागला. तेच शब्द, तोच पडलेला आवाज. मला राहवेना. रंगमंचावर असं कुणी बोलायला लागलं तर मागच्या रांगेतले लोक विड्या ओढायला बाहेर निघून जातात.

"काय मागतोयस एवढं?"

"रगत."

"कुणाला?"

त्यानं नुसती मान वळवली. गाद्यांच्या चळतीवर, वरून दुसऱ्या गादीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर भूगोलाचं पुस्तक. गोरी म्हणावी तर गोरी नव्हे, रंग कुणीतरी खोडरबरानं पुसल्यासारखा. ही नौशीन, त्याची एकुलती एक. नववीत होती.

"आजी," ती वरून म्हणाली, "अब्बा लय वाईट मागतात. मला पण द्यावंसं वाटत न्हाई."

रहिमाननं मला समजावून सांगितलं ते असं. थॅलेसेमिया म्हणून एक आजार असतो. ह्या पोरांच्या अंगात रक्त टिकत नाही. दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, जन्मभर. त्यात नौशीनचा गट ओ निगेटिव्ह. तिला दुसरं कुठलंच चालत नाही, आणि त्या गटाची माणसं सगळ्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. म्हणजे आज कोण देऊ शकतो, पुढच्या खेपेला कोण, हे सतत डोक्यात ठेवायचं. ती खेप चुकली की पोरीला दम लागायचा.

"मग असं मागतात होय? तू तर माफी मागतोयस! आण तो फोन."

पलीकडे आकाराम नावाचा ऊसवाला शेतकरी होता. मी खर्जात सुरुवात केली.

"आकारामराव, एक मुलगी तुमची वाट बघतेय."

"आं? कोन बोलतंय? कुठली मुलगी? आवं, हळू बोला, मंडळी शेजारीच बसल्यात!"

"मंडळींना पण घेऊन या. मिरजेच्या रक्तपेढीत. उद्या सकाळी."

गाद्यांवरून नौशीन इतकी हसली की तिला धाप लागली आणि रहिमान पाणी आणायला धावला. दुसऱ्या दिवशी आकाराम खरंच बायकोला घेऊन आला. बायको म्हणे खात्री करायला आली होती, कुठली मुलगी ते. नौशीनला बघितलं आणि रडली. पुढच्या खेपेला डबा घेऊन आली.

त्या दिवसापासून मी रहिमानची फोनवाली झाले. पडदा पडून वर्षं झाली होती. हा एक छोटा प्रवेश मिळाला, मी आनंदानं केला.

हळूहळू नुसत्या नौशीनचं काम राहिलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात त्याच आजाराची इतर पोरं, त्यांचे आईबाप. मलकापूरचा एक, फलटणकडचा एक. रहिमान म्हणाला, आपण यादी करतोच आहोत तर सगळ्यांचीच करू. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासच्या अंजना मॅडमकडे तो दुकान बंद करून शिकायला जायचा, आणि तिथून त्यानं एक्सेलची शीट आणली. आणली म्हणजे मिठाईचा पुडा आणावा तशी घरी आणली, बायकोला आणि लेकीला दाखवली. नाव, गाव, रक्तगट, फोन आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. तारीख लिहिली की नावाचा खाना आपोआप रंग बदलायचा. रंग नौशीननं निवडले. "हिरवा म्हंजे तयार. लाल म्हंजे त्यानं दिलंय, आता त्याला झोपू द्या."

गावोगावची माणसं जोडली गेली. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला लालासाहेब. वारणेकाठच्या एका गावातल्या मंडळाचा सेक्रेटरी कृष्णात. आणखी काही जण. बाजारच्या दिवशी ते इस्लामपुरात आले की दुकानात यायचे, ओढणी बाजूला करायचे आणि आपापल्या गावच्या तारखा स्वतः भरायचे. रहिमानचा तसा आग्रहच होता. "ज्यानं मानूस बगितलाय, तारीख त्यानंच लिवायची. मी कशाला? माझे हात कापसाचे."

आणि इथंच घोळ सुरू झाला. आपल्याकडे कोऱ्या पानावर पहिल्यांदा देवाचं नाव घातल्याशिवाय कुणी अक्षर लिहीत नाही. कृष्णातनं सगळ्यात वर एक नवी ओळ घातली, खाने एकत्र करून मोठ्या केशरी अक्षरात 'श्री' लिहिलं. पुढच्या बाजारी रहिमानच्या चुलत्यानं त्याच्यावर ओळ घालून '७८६' लिहिलं. लालासाहेब आला, त्यानं दोन्ही बघितलं, आणि त्यांच्याही वर 'जय हिंद' लिहून आपल्या गावच्या सगळ्या जवानांची नावं फौजी हिरव्या रंगात रंगवून टाकली. आता तयार असलेला हिरवा कुठला आणि फौजी हिरवा कुठला? रक्तगटाप्रमाणे नावं लावायला गेलं की कॉम्प्युटर म्हणायचा, खाने एकत्र केलेत, जमणार नाही.

"अरं, तुमी पोरीचा जीव बघताय का भिंत रंगवताय?" रहिमान पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलला, आणि बोलून लगेच चहा मागवला.

अंजना मॅडमनी त्याला उपाय शिकवला. शीटमधल्या प्रत्येक खान्याला मुळात कुलूप असतंच, फक्त शीट बंद केल्याशिवाय ते लागत नाही. म्हणून ज्यात लिहायचं ते खाने आधी मोकळे करायचे, मग पासवर्ड घालून शीट बंद करायची. रंग, रुंदी, नावं, सगळं जागच्या जागी राहतं. लिहिणारा फक्त मोकळ्या खान्यात लिहितो.

ते मला सांगताना त्याला जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. हातात दाभण होता, अर्धवट शिवलेली गादी पुढ्यात होती. "मावशी, ह्ये बगा. गादीत कापूस भरला आनि तसाच सोडला तर काय हुईल? एका अंगाला जाऊन बसंल. म्हनून मधी मधी टाकं घालायचं. कापूस हलतोय, मऊ ऱ्हातोय, पर गादीचा आकार हलत न्हाई. आमी पिढ्यान्‌पिढ्या ह्येच करतोय की!"

आणि कुलूप लावण्याआधी त्यानं सगळ्यात वरच्या ओळीत तिन्ही शेजारी शेजारी लिहिली: श्री, ७८६, जय हिंद. एकाच मापाच्या अक्षरात. मग कुलूप. उघडा ठेवला तो फक्त तारखेचा रकाना.

पुढच्या बाजारी लालासाहेब कॉम्प्युटरसमोर बसला आणि ओरडला, "अरं, ह्यो मला गेटवर अडवतोय! हवालदाराला!"

"सायेब, तारखेच्या गेटनं आत या," गाद्यांवरून नौशीन म्हणाली. "तितं पास लागत न्हाई."

कृष्णातही हसला. हा कृष्णात मनानं मोकळा, घाईचा, कुणाला नाही म्हणता न येणारा. मंडळ म्हणजे त्याचा प्राण. रहिमानला तो भाई म्हणायचा, नौशीनसाठी दरवर्षी गणपतीतले मोदक वेगळे काढून आणायचा. त्याच्या गावात दोन ओ निगेटिव्ह होते, आकाराम आणि ऋषिराज. त्या दोघांच्या तारखा रहिमान फार जपायचा. एकानं दिलं की दुसऱ्याला राखून ठेवायचं, मधल्या खेपा इतरांनी भरायच्या. असं गणित त्यानं बसवलं होतं, आणि ते चाललं. चांगली दोनेक वर्षं चाललं. नौशीन दहावी झाली, अकरावीला गेली.

मग कृष्णातच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे रक्तदान शिबिर. मंडप, स्पीकर, देणाऱ्याला पाण्याचा जार. रहिमाननं कृष्णातला दुकानात बसवून सांगितलं, मी तिथंच होते. "किस्ना, शिबिर कर, लय चांगलं काम हाय. पर आकाराम आनि ऋषिराजला झोपवू नगंस. ते नौशीनसाठी ठेवल्यात."

"आईशप्पथ भाई. त्यास्नी मंडपातच येऊ देत न्हाई."

पण तो मंडप होता, आणि मंडपात मान असतो. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माइकवरून जाहीर केलं की ह्या गावात दुर्मिळ रक्तगटाचे दोन मानकरी आहेत, पहिला मान त्यांचा. दोघांना स्टेजवर बोलावलं, फेटे बांधले, पुढाऱ्यानं स्वतःच्या हातानं हार घातला. फेटा बांधलेला माणूस सगळ्या गावासमोर "आज नको" कसं म्हणणार? कृष्णात दुसऱ्या टोकाला जार मोजून घेत होता. त्याला कळलं तेव्हा दोघंही खाटेवर आडवे होते, मुठीत चेंडू दाबत.

तो घाबरला, पण त्यानं लपवलं नाही. पुढच्या बाजारी दुकानात आला. रहिमान गाद्या पोचवायला कराडला गेला होता. कृष्णातला वाटलं, आपण तारखा भरल्या की दोघांची नावं लाल होतील, भाई बघेल आणि दुसरी सोय लावेल. अजून वेळ होता. शिबिराची यादी मंडळानं रहिमानच्याच यादीवरून, त्याच क्रमानं केलेली होती. इतक्या तारखा एक एक कुठं लिहायच्या? त्यानं मंडळाच्या फाइलमधून तारखांचा अख्खा रकाना उचलला आणि इथं पेस्ट केला.

पुढं जे झालं ते आम्हाला अंजना मॅडमनी नंतर उलगडून सांगितलं. पेस्ट करताना नुसता आकडा येत नाही, त्या खान्याचं सगळं रूप येतं, कुलूपसुद्धा. मंडळाच्या फाइलमध्ये तारखांत मधे टिंबं दिलेली होती. कॉम्प्युटरला ती तारीख वाटलीच नाही, नुसती अक्षरं वाटली. म्हणून नावं लाल झाली नाहीत, हिरवीच राहिली. आणि तारखेचे जे खाने रहिमाननं मोकळे ठेवले होते, ते पेस्टबरोबर आलेल्या कुलपानं बंद झाले.

कृष्णातच्या लक्षात आलं होतं की अक्षर जरा वेगळं दिसतंय. तो दुरुस्त करायला गेला, तर खाना उघडेना. पासवर्ड रहिमानकडे. सलिमा, रहिमानची बायको, आत भाकरी करत होती. ती बाहेर आली तेव्हा हा उठला होता. "भाभी, झालं माझं काम," म्हणाला आणि गेला.

रहिमान कराडहून आला. ओढणी बाजूला केली. आकाराम हिरवा, ऋषिराज हिरवा.

"मावशी," तो मला फोनवर म्हणाला, "किस्नानं शब्द पाळला बगा."

पुढची खेप जवळ आली. त्या वेळी नौशीन लवकरच फिकी पडायला लागली होती. चळतीवर चढेना, खालीच पायरीवर बसायची. तरी मला म्हणाली, "आजी, आज आकारामकाकांना रडून दाखवा. नेहमी दमदाटीच करता."

मी आकारामला फोन लावला. रडायची तयारी केली होती.

"आवं मावशी, मी दिलं की शिबिरात! फोटू न्हाई बगितला? स्टेटसला हुता."

रंगमंचावर समोरचा नट वाक्य विसरला की आपण दुसरं वाक्य घालून वेळ मारून नेतो. मी कितीतरी वेळा नेली आहे. त्या दिवशी फोन हातात धरून मी रहिमानकडे नुसती बघत राहिले. त्यानंच माझ्या हातातून फोन घेतला आणि ऋषिराजला लावला.

ऋषिराजनं आधी नौशीन कशी आहे ते विचारलं. मग म्हणाला, "भाई, मी पन दिलंय. पर मी येतो. कुनाला सांगायचं न्हाई. मला काय हुत न्हाई." आणि तो खरंच मिरजेला गेला, सदऱ्याची बाही वर करून बसला. रक्तपेढीतल्या बाईंनी त्याचं रक्त तपासलं, हातावरची खूण बघितली आणि त्याला परत पाठवला. तो बाहेर पायरीवर बसून राहिला, असं नंतर कळलं.

महिनाभर आधी कळलं असतं तर रहिमाननं कराडला, साताऱ्याला शब्द टाकून ठेवला असता. आता सगळीकडे एकदम फोन. मी घसा बसेपर्यंत बोलले. लालासाहेबानं फौजेतली सगळी ओळख उपसून काढली. मलकापुरातला एक सापडला, तो तापात निघाला. कोल्हापुरातली एक बाई तयार झाली, तिचं अंगात रक्तच कमी. दिवस जात राहिले. मिरजेच्या खाटेवर नौशीनला दम लागत होता, मग तापही आला.

शेवटी फलटणकडच्या एका गावातला सुट्टीवर आलेला जवान लालासाहेबाला सापडला. नाव विचारायचीही कुणाला शुद्ध नव्हती. तो रातोरात निघाला, सकाळी मिरजेत पोचला, रक्त दिलं आणि एसटी पकडून परत गेला.

रक्त चढलं. एका दुपारी नौशीनच्या ओठांवर रंग आला. सलिमानं तिची वेणी घातली. मी गेले होते, मला म्हणाली, "आजी, फौजी रगत हाय. आता मला सॅल्यूट करायचा." आम्ही दोघींनी सॅल्यूट केला. वॉर्डातल्या नर्सनंही केला.

पण हृदय थकलं होतं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यानं बसून समजावलं. वर्षानुवर्षं बाहेरचं रक्त चढत राहिलं की त्यातलं लोह हृदयावर साचतं. ह्या मुलांचं हृदय आधीच ओझं वाहत असतं. त्यात रक्त फार उतरलं, त्यात ताप.

सलिमानं विचारलं, "रगत येळेवर आलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सांगता येत नाही," म्हणाले.

नौशीन पहाटेच्या अजानच्या आधी गेली.

दफनाला सगळी गावं आली. लालासाहेब गणवेशाची टोपी घालून आला होता. आकाराम आणि त्याची बायको. ऋषिराज. कृष्णात कब्रस्तानच्या भिंतीबाहेर, कडुलिंबाखाली उभा होता. माती द्यायला आत आला नाही. माणसं परतली तेव्हा तो तिथं नव्हता.

त्यानंतर रहिमानचं दुकान बरेच दिवस बंद राहिलं. मग एक दिवस मशीनचा आवाज आला. मी रस्त्यानं जात होते. आत डोकावले नाही. डोकावून काय बोलायचं? माझं काम संपलं असंच मी धरून चालले होते. ज्या पोरीसाठी यादी होती ती राहिली नाही, यादीचं काय होणार?

बाजारच्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. "मावशी, येता का? मलकापूरच्या त्या पोराची खेप हाय. बी पॉझिटिव्ह. फोन करायचाय. मला जमत न्हाई, तुमाला म्हाइतच हाय."

मी गेले. ओढणी बाजूला केलेली होती. फोनवर पलीकडे कॉलेजातला एक पोरगा होता. त्याला मी कसंबसं राजी केलं. फोन ठेवला आणि बघते तर दारात कृष्णात. पायातली चप्पल बाहेर काढून उभा. दुकानात कुणी चप्पल काढून येत नाही.

"भाई."

रहिमाननं मशीन बंद केलं.

"भाई, माझं नाव काडा. मंडळाकडनं मी दुसरा मानूस देतो. मी परत ह्या दुकानात याचा न्हाई."

"आत ये."

"मी लपवलं न्हवतं, भाई. दोगांची तारीख मी टाकलीवती. ह्याच कॉम्प्युटरवर टाकलीवती. मग नीट कराय गेलो तर खाना उघडंना. मला वाटलं, कुलूप बसलं म्हंजी पक्कं झालं. भाईचं कुलूप हाय, भाई बगंलच. आनि मी निवांत घरला गेलो, भाई. जेवलो. झोपलो."

तो बोलता बोलता खाली बसला, कापसाच्या ढिगाशेजारी. आतून सलिमा आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं त्याच्यापुढं ठेवला. "पाणी प्या, भाऊ," एवढंच म्हणाली आणि गाद्यांच्या चळतीला टेकून उभी राहिली.

रहिमाननं हातातला कापूस ढिगावर टाकला. मग म्हणाला, "तारीख तितंच हुती, किस्ना. तू लिवलेलीच हुती. टिंब दिऊन का आसंना, वाचता येत हुती. मी रोज ओढनी काढत हुतो. मी नुसता हिरवा बगितला. तारीख वाचलीच न्हाई मी. माझ्या पोरीनं रंग लावलावता, म्हनून मी रंगच बगत ऱ्हायलो."

कृष्णातनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मीही बाहेर रस्त्याकडे बघू लागले. बाजार भरत होता. कुणीतरी वांगी ओरडून विकत होतं.

रहिमाननं खुर्चीवरचा कापूस झटकला. कृष्णातला दंडाला धरून उठवलं आणि त्या खुर्चीवर बसवलं. स्वतः मागं उभा राहिला, त्याच्या खांद्यावरून हात पुढं घेऊन पासवर्ड टाकला. कृष्णातनं मान वळवली.

"बग इकडं. तोंड फिरवू नगंस. तुला बी ठावं पायजे. मी कराडला गेलो तर?"

शीट उघडली. रहिमाननं कृष्णातच्या गावच्या सगळ्या तारखा निवडल्या आणि पुसून टाकल्या. खाने पहिल्यासारखे मोकळे केले, रंगाचा नियम पुन्हा घातला, शीट पुन्हा बंद केली. त्याला एका एका कळेसाठी थांबावं लागत होतं. चष्मा डोळ्यांवर ठरत नव्हता. मग त्यानं शिबिराची छापील यादी कृष्णातच्या पुढ्यात ठेवली.

"आता लिव्ह. हातानं. एक एक."

"भाई, माझ्याच्यानं न्हाई व्हायाचं."

"लिव्ह, गड्या. मलकापूरचं पोरगं हाय. फलटणचं हाय. त्यांच्या बापास्नी काय सांगू, माजी गेली म्हनून दुकान बंद केलं?"

कृष्णातनं बाहीनं डोळे पुसले. एका बोटानं कळा दाबू लागला. आकारामच्या ओळीत दिवस, मग तिरकी रेघ, मग महिना, मग तिरकी रेघ, मग वर्ष. एंटर दाबलं. आकारामचं नाव लाल झालं.

खाली ऋषिराज. त्याचीही तीच तारीख. तेही नाव लाल झालं.

दोन लाल नावं एकाखाली एक. कृष्णातचे हात कीबोर्डवर तसेच थांबले. सलिमा चळतीपासून पुढं आली, पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रहिमान कोसळणार. नाटकात ह्या जागी माणूस कोसळतो. तो वाकला, चष्मा सारखा केला, दोन्ही तारखा ओठ हलवत सावकाश वाचल्या. नुसता रंग नाही, तारखा वाचल्या. मग कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"आता बरोबर दिसतंय. पुढचं नाव घे, किस्ना."